मुक्कामी गाडी

फराळाचे डबे अजून अर्धे होते
तेव्हा साडू म्हणाला, चल, तोरणमाळला जाऊन येऊ.
आप्पा, अकरा वर्षं तिथंच तर मुक्कामाला होतात!
मुक्काम केला रे, तो म्हणाला,
बघितलं कुठं?

शहाद्याहून दिवेलागणीला सुटायची त्याची एस.टी.
अंधारात वर, पहाटे पाचला खाली.
मधली झोप मागच्या लांब सीटवर,
पायाशी कंडक्टर, उशाशी तिकिटांची पेटी.

मेव्हण्याची ईको मागून घेतली.
म्हसावदपर्यंत पपईच्या बागा, झाडांना बांधलेल्या जुन्या साड्या,
कापसाच्या ट्रॉल्या, खळ्यावर पसरलेली पहिली मिरची;
दोघंही शिंकलो.
राणीपूर सोडलं आणि साडूचा उजवा पाय
चटईवर ब्रेक शोधू लागला.
दुसरा टाक. आता दुसरा टाक.
तू झाडं बघतोस, मी इथं आवाज बघायचो.

सात पायऱ्यांच्या घाटात
त्याच्याकडे वळणांना नावं नव्हती, माणसं होती.
इथं अस्वल उभं होतं, वर हात केलेलं, मी थांबवलीच जवळजवळ.
इथं हिलाल कंडक्टरला चक्कर आली.
आणि ह्या दोन वळणांच्या मधे एक बाई बाळंत झाली,
खाली उतरताना पूर्ण तिकीट एक की दीड
यावरून हिलाल आणि सुईण
म्हसावदपर्यंत भांडत होते.

वर पोचलो तेव्हा ऊन होतं.
सुरतेच्या गाड्या, भुट्ट्याचा धूर,
फोन उंच धरून पाठमोरी उभी असलेली माणसं,
आणि त्यांच्या पाठीमागे, डोंगराच्या ओंजळीत,
अख्खं.

साडू बराच वेळ काही बोलला नाही.
मग त्याची धुळ्याकडची आई त्याच्या तोंडातून बोलली:
आरे भो, हाई तं तयं शे!

रोज रात्री बादली बुडवून
रेडिएटरला पाणी भरायचो इथून, तो म्हणाला.
मला वाटायचं, डबकं आहे.

होडीवाल्या गिलदार पावऱ्यानं त्याला आवाजावरून ओळखलं.
पैसे घेईना.
आश्रमशाळेतून दर शनिवारी बिनतिकीट आणलंय तुम्ही मला, डायवरसाहेब.
साडूनं ओठावर बोट ठेवलं:
हळू. पेन्शन बंद पडेल.
कमळं सरत आली होती, पानं तेवढी
उताणी पडलेली. वल्हं त्यांना चुकवत गेलं.
पलीकडच्या पाड्यावरून कुणीतरी हाक मारली,
गिलदारनं उत्तर दिलं नाही, नुसता हसला.
ती माझी बायको. जेवायला बोलावते.
रोज एवढ्याच मोठ्यानं बोलावते.

रात्री विश्रामगृहाच्या गादीवर
साडू या कुशीवरून त्या कुशीवर.
मऊ लागतंय, म्हणाला.

पाचला जाग आली तर पलंग रिकामा.
बाहेर धुकं, हाताला हात न दिसणारं,
आणि त्यातून
दोनदा हॉर्न.

ईकोत, ड्रायव्हरच्या जागेवर, मफलर गुंडाळून तो बसला होता
चोरी पकडल्यासारखा.
सवय रे, म्हणाला. बोट आपोआप गेलं.
मी काही म्हणणार, तेवढ्यात
धुक्यातून एक टोपली आली, तिच्याखाली म्हातारी.
मग एक पोरगा, सुट्टी संपलेला, दप्तर छातीशी.
मग अजून दोघं.
बस कुठंय, असं कुणी विचारलं नाही.
बसले.

मी मागे, टोपल्यांच्या मधे, तोंड न धुतलेला,
चहा न झालेला.
पोरगा पहिल्याच वळणावर
माझ्या खांद्यावर झोपला.
मागे वळून पाहिलं तर पांढरंच सगळं,
आणि पुढे साडू, एका हातानं,
न बघता, आवाजावर
उतरत होता.

राणीपूरला म्हातारीनं
समोर, काचेपाशी, दोन सीताफळं ठेवली.
साडू नको नको म्हणत राहिला.
एक आजच खा, ती म्हणाली.
दुसऱ्याचे डोळे अजून उघडले नाहीत,
त्याला दोन दिवस
ज्वारीत ठेव.