डावा कोपरा

चढाईला येणारा बोलतो.
आम्ही बोलत नाही.
तीस सेकंद त्याचा दम, त्याचा शब्द,
आणि आम्ही सात जण साखळी धरून, तोंड मिटून.
चौदा वर्षं कबड्डी खेळलो,
पण मैदानात कबड्डी हा शब्द
मोजून अकरा वेळा उच्चारला असेल.

डाव्या कोपऱ्यातून मला घोटे दिसायचे.
टाच उचलली तर हूल,
चवड्यावर वजन आलं तर खरं.
जेलरोडच्या मातीवर मोजाड सर ओरडायचे,
"वर काय बघतोस गायखे,
तोंड बघायचं ते लग्नाच्या वेळी!"

मग लिलाव झाला, टीव्हीवर.
घोटीच्या बाजारात बैलाचे दात बघतात,
माझे गुडघे बघितले.
आई म्हणाली, बरे आले की पैसे.
देवळालीगावात पत्रा गेला, स्लॅब आला.
दोन बोटं वाकडी झाली,
डाव्या कानाला अजून पाण्याखाली असल्यासारखं ऐकू येतं.

पण हे सगळं नंतरचं.

आधी सिन्नरचा चव्हाणके.
जिल्ह्याची उपांत्य फेरी, बोनसला त्याने पाय टाकला,
मी धरला.
तो आवाज मी ऐकला, पंचांनी नाही.
त्यांनी गुण दिला.
पोरांनी मला खांद्यावर घेतलं,
त्यालाही चौघांनी उचललं.
वरून मला त्याचं तोंड दिसलं, पहिल्यांदा.
त्याच सामन्यात मला निवड समितीने पाहिलं.

परवा बुधवारी मेनरोडला बूट घ्यायला गेलो.
आता पळायचे नाहीत, नुसते चालायचे,
डॉक्टरने सांगितलेत तसले मऊ.
स्टुलावर बसलो.
मालक गल्ल्यावरून उठला, पाय ओढत आला,
पोऱ्याला बाजूला सारून स्वतः खाली बसला.
मान वर केली नाही.
माझा मोजा काढला
आणि घोटा धरला.
दोन्ही हातांनी, अंगठे आतल्या बाजूला,
धरायचा असतो अगदी तसा.

दुकानात पंखा फिरत होता.
बाहेर कुणीतरी रिक्षा मागे घेत होतं.
माझ्या तोंडात बाराव्यांदा तो शब्द आला
आणि दम पुरेना.

"नऊ नंबर," तो म्हणाला.
"डावा जरा मोठाय तुझा.
घाल. उंबऱ्यापर्यंत जाऊन
परत ये."