खुडूक

सुवैकला, खल्फानच्या मजऱ्यात
दोन कोंबड्या एकदमच खुडूक बसल्या,
तेही ऐन जूनमध्ये,
पंपाच्या खोलीत पारा शेहेचाळीसवर असताना.
मफिझुल म्हणाला, इथे उबवायला कोंबडी कशाला,
अंडी गाडीच्या बोनेटवर ठेव.

करडी खरी निघाली.
हात घातला की फुगायची, घशातून घरघरायची.
पोटाखालची पिसं स्वतःच उपटून
उघडं कढत कातडं अंड्यांना लावून बसलेली.
तांबडी नुसतीच बसली होती, रिकाम्या खोक्यात,
खाली एक गोटा आणि खजुराची बी.

दोघींना पुरेल एवढी सावली नव्हती.

रात्री फोनवर प्रमिला म्हणाली,
आमच्याकडे खुडूक मोडायला नाकात पीस खुपसायचे,
तू तसलं काही करू नकोस.
मग तांबडीला जाळीच्या पिंजऱ्यात टांगली,
खालून वारा लागेल अशी, पंख्यासमोर.
तीन रात्री ओरडली.
चौथ्या दिवशी दाणे टिपू लागली, जणू काही झालंच नव्हतं.
तिच्याकडे सरळ बघायला मला आठवडा लागला.

करडीखाली नऊ अंडी, प्रत्येकावर पेन्सिलीची फुली.
आठव्या रात्री मुठीची नळी करून
मोबाईलच्या उजेडावर एकेक धरलं:
लाल धाग्यांचं जाळं, मधे एक ठिपका,
तो हलला.
दोन कोरी निघाली. ती बाजूला ठेवताना
तिने माझ्या मनगटाचं रक्त काढलं.

रोज असरच्या बांगेनंतर तिला उचलायचं,
आधी पंखांखाली चाचपून,
एखादं अंडं काखेत अडकलेलं असतं, पडून फुटतं.
जमिनीवर ठेवली की क्षणभर तशीच,
बसल्या आकाराची, पाय विसरलेली.
मग उठते, मुठीएवढी शीट टाकते,
त्या वासाबद्दल न बोललेलं बरं.
पाणी पिते. चार दाणे.
आणि पंधराव्या मिनिटाला परत, कुणी न सांगता.

बाराव्या दिवशी माझ्या हातावर काहीतरी चाललं,
धुळीच्या कणाएवढं.
बघतो तर तुरा जुन्या विटेसारखा फिका,
छातीचं हाड बोटाला सुरीसारखं लागलं.
प्रमिला म्हणाली, पेंढा जाळ, खोकं बदल,
झावळ्यांची राख कर आणि तिला लोळू दे,
बाजरी भिजवून दे,
आणि हलवशील ते अंधारात, म्हणजे कळणार नाही.
कळलं तिला.
पण बसली.

सतराव्या दुपारी वीज गेली, तीन तास.
मी ओलं गोणपाट घेऊन धावलो
तर ती अंड्यांवरून उठलेली. गेली नव्हती.
पंख पसरून उभी, चोच उघडी, घसा थरथरतोय,
सातही अंड्यांवर सावली धरून.
उबवणं म्हणजे ऊब देणं, असं मी समजत होतो
बावीस वर्षं कोंबड्या पाळून.
गोणपाट छपरावर टाकलं, वाटी तिच्या चोचीशी धरली.
माझ्याकडे न बघता प्यायली.

एकविसाव्याला पहाटे पोटाखालून चिवचिव.
बाविसाव्याला सहा झाली.
सातव्याकडे पाठ फिरवून ती खोक्यातून उतरली,
पहिल्यांदाच स्वतःहून.
मी ते कानाला लावलं. टकटक होती,
की माझ्याच रक्ताची, कळेना.

बोनेटवर ठेव म्हणणारा मफिझुल
ते अंडं टोपीत गुंडाळून, छातीशी धरून
मगरिबपर्यंत हिंडला.
एका हाताने पाइप लावला, एका हाताने जेवला.
नंतर केळीच्या बुंध्याशी उकिडवा बसलेला दिसला,
खुरपं घेऊन.
मी विचारलं नाही.

करडी तोवर हौदाच्या ओलीत
सहा जणांना माती उकरून दाखवत होती,
आणि तांबडी थोडी लांब उभी राहून
बघत होती.