सहा तासांचा फरक

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, लाकडी जिन्यानं वर, एक खोली.
सात लॅपटॉप. एकाचं अर्धविरामाचं बटण निखळलेलं,
तिथे ओमुगा काडेपेटीतली काडी खुपसतो.
खिडकीतून तलाव दिसायचा.
आता मध्ये जलपर्णी, आणि सिमेंटची जाहिरात.

पहिल्या दिवशी मी सांगितलं,
उघडलेला प्रत्येक टॅग बंद करायचा.
अवूर म्हणाली, मला शिकवतोस?
टोपलीचं झाकण, दाराची कडी, उधारीची वही,
तीस वर्षं बंदच करत आले.
तरी तिच्या पानावर मथळा बंद व्हायचा राहिला
आणि खालचं सगळं, पत्ता, फोन, वाळवलेल्या ओमेनाचा भाव,
मथळ्याएवढ्याच ढोबळ अक्षरांत ओरडू लागलं.
राहू दे, म्हणाली. लांबून दिसतं.

प्रकल्पही तिचाच.
रात्री दिवे घेऊन गेलेल्या होड्या
कुठल्या धक्क्याला लागणार, किती वाजता, भाव काय.
चार रकाने, एक बटण.
बदलत राहतो तो चल, असं मी फळ्यावर लिहिलं,
तर तिनं भावाच्या चलाला नाव दिलं ओगुतू.
ओगुतू होडीमालक आहे.
सकाळी एक बोलतो, दुपारी दुसरं.
आणि जो बदलत नाही? तिनं विचारलं.
तो स्थिरांक.
तिनं मान हलवली, पुढे काही लिहिलं नाही.

पान सुरू झालं त्या मंगळवारी
टेकडीवरच्या हॉटेलचा खानसामा
बर्फाची पेटी घेऊन भर दुपारी धक्क्यावर आला.
वाळूत खवले, दोन बगळे, एक झोपलेलं कुत्रं.
फोनवर लख्ख लिहिलेलं: होड्या, बारा वाजता.
आमचे बारा वाजले ते असे.

मी म्हटलं, अवूर, होड्या तर सहाला येतात.
बाराला येतात, ती म्हणाली.
उजाडताना रात्रीचे बारा तास भरतात.
ऊन अंगणात आलं की एक.
माझी आई असंच मोजायची, रेडिओवाला असंच सांगतो,
तूही घरी असंच बोलतोस.
बोलतो. खरं होतं.
मग तू सांग, मध्यरात्री काय सुरू होतं?
चोर, आणि तुझं यंत्र.

मी म्हणणार होतो, तू सहा टाइप कर, संपलं.
तेवढ्यात वीज गेली.
बॅटरीवर चाळीस मिनिटं होती.

तर आम्ही फंक्शन लिहिलं.
ती देईल तो आकडा, अधिक सहा.
बाराचे अठरा झाले. झिपोरा हसली, ती नर्सिंग शिकते,
तिला अठरा म्हणजे संध्याकाळची पाळी.
मग बारानं भागून बाकी घेतली.
बाराचे सहा. एकचे सात. अकराचे पाच.
टाळ्या.
ओमुगानं मुद्दाम सहा टाकले, ऐन दुपारची वेळ.
पडद्यावर शून्य.
शून्य वाजता कोण जेवतं? अवूर म्हणाली.
शून्यासाठी वेगळी ओळ लागली.
दुकानात खाली कुणीतरी घंटी वाजवून बघत होतं,
तीच ती घंटी, पुन्हा पुन्हा.

शेवटी त्या अधिक सहामधला सहा उरला.
उघडा आकडा कोडमध्ये ठेवू नये, मी म्हटलं,
त्याला नाव द्या, वाचणाऱ्याला अर्थ कळेल असं.
अवूरनं लॅपटॉप आपल्याकडे ओढला.
एका बोटानं, अक्षर शोधत शोधत:
ओबिएरो.

ओबिएरो कोण, हे झिपोराला माहीत नव्हतं.
ओमुगाला होतं. त्याचे वडील त्याच होडीवर होते,
ते परत आले.

हे नाव चालणार नाही, हे मी सांगायला हवं होतं.
उद्या दुसरं कुणी हे उघडेल,
त्याला वाटेल, गंमत केली आहे.
नऊ टक्के बॅटरी.
मी म्हटलं, सेव्ह कर.

ओळीच्या शेवटी काहीतरी राहिलं होतं.
ओमुगानं काडी काढली,
आणि हलकेच टोचली.