दोन मिलिमीटर

इद्रियाच्या वाचनालयाचं तळघर.
पूर्वी इथे कोळसा ठेवायचे.
आता मी बसते, एक मायक्रोफोन,
आणि तो जुना संगणक, ज्यावर गोराझ्दनं
लिनक्स घालून दिलं:
"परवान्याला पैसे नाहीत. हा गडी फुकट राबतो,
कुरकुर करत नाही."
कुरकुरीला मी आहेच.

हिवाळाभर मी पुस्तकं मोठ्यानं वाचते,
आवाज चकत्यांवर उतरवते.
'बर्न झाली' असं पडद्यावर येतं.
मी दर वेळी हुंगून पाहते.
काहीच जळलेलं नसतं.

मग लेबल.
एक गोल, त्याच्या पोटात दुसरा गोल,
मधे भोक. तिथे काही लिहायचं नाही.
पुस्तकाचं नाव लांब असलं
की ते भोकाला वळसा घालून जातं,
जसं सगळं गाव जातं
व्हेंत्सेल कोबालच्या डोळ्यांना.

पहिल्या दिवशी प्रिंटरनं
आमच्या अक्षरांवरची छपरं उडवली,
जागोजागी रिकामे चौकोन,
जणू भाडेकरू सोडून गेलेत.
दुसऱ्या दिवशी छपरं आली,
पण अख्खं नाव सरकलं
दोन मिलिमीटर डावीकडे.
साध्या कागदावर छापून
खिडकीच्या उजेडाला धरलं,
आकडा बदलला,
ते उजवीकडे चार गेलं.
काळ्या खिडकीत आज्ञा टंकली.
उत्तर: असा प्रिंटर सापडत नाही.
तो माझ्या कोपराशीच होता,
गरम, हिरवा दिवा लावून.

चौदाव्या कागदाला जमलं.
निळा काठ, मधे कादंबरीचं नाव,
खाली बारीक: चकती सात, वाचन मिलोयका.
दोन्ही अंगठ्यांनी चिकटवलं,
एक बुडबुडा राहिला, तो नखानं मारला.

बुधवारी फोन.
"तुझी सातवी अडकलीय," व्हेंत्सेल म्हणाला.
चुलीजवळ ठेवलेली, लेबलाची कड सुटली,
नाकापेक्षा मोती जड,
चकती आत डुगडुगली, फसली.
मग जरा थांबून:
"मला दिसत नाही, हे तुला
कुणी सांगितलंय ना, पोरी?"

"लेबल पोस्टमनसाठी," मी म्हणाले.
"तो वाचतो कुठे? फेकतो."
"तुमच्या नातवासाठी."
"तो लिंझला. नाताळला येतो, तेही झोपायला."
तारेत थोडा वेळ नुसती खरखर.
"मग माझ्यासाठी," मी म्हणाले.
"हं," तो म्हणाला. "असं सांग ना."

शनिवारी चिमटा घेऊन गेले.
चकती निघाली, लेबल अर्धं आत राहिलं.
तो दिशेचा अंदाज घेत चहा ओतत होता,
एक बोट कपाच्या आत, पाणी कुठवर आलं ते कळायला.
पाऱ्याच्या खाणीत तीस वर्षं काढलेला माणूस.
"खाली दिवा विझला की काय करायचा?"
"खांबांवर खाचा होत्या. बोट फिरवायचं.
तीन खाचा म्हणजे पाण्याचा बोगदा,
पाच म्हणजे घरी."

घरी येऊन आईचा लेसचा डबा उघडला.
पिवळा जाड कागद, त्यावर टोचलेली नक्षी,
नमुना उजेडाला धरला की आकाशासारखा.
तिची सुई अजून तीच, लाकडी मुठीची.

आता चकतीवर काहीच चिकटवत नाही.
कागदी पाकिटावर छापते,
आणि मागून टोचते:
पहिलीला एक टोच, दुसरीला दोन,
सातवीला सात, शिवाय एक नागमोडी,
कारण सातवीत वादळ आहे
आणि तो ती पुन्हा पुन्हा मागतो.

काल नवी दिली.
त्यानं अंगठा सावकाश फिरवला,
ओठ मोजत होते.
"सात," म्हणाला. "वादळ."
मग पुन्हा एकदा कडेपासून फिरवला,
कपाळाला आठी.
"पण जरा डावीकडे गेलंय ना?"

प्रिंटरला मी काय काय बोलले होते!
"किती?" मी विचारलं.
त्यानं नख टेकवून मोजलं.
"दोन," म्हणाला. "दोन असेल."