परिशिष्ट ग

गावाबाहेर, मक्याच्या शेतांकडे पाठ करून
विद्यापीठाचं पुस्तककोठार उभं आहे. खिडकी एकही नाही.
आयोवात बर्फ पडो की लाही लाही होवो,
आत बारा महिने तेरा अंश.

मुख्य ग्रंथालयात विषयानुसार बसणारी पुस्तकं
इथे आली की नुसती उंचीने बसतात.
फूटपट्टी लावायची, ट्रे ठरवायचा.
डुकरांच्या रोगांना खेटून कुणा संताचं चरित्र,
त्याला टेकून बल्गेरियन व्याकरण.
शाळेत प्रार्थनेला आम्हाला असंच उभं करायचे,
मी कायम पहिली.
आता कंबरेला पट्टा बांधून
लिफ्टवरून तीस फूट वर जाते.

फेब्रुवारीत एक मागणी आली.
प्रबंध, एकोणीसशे अठ्ठावन्न:
'पूर्व लिंडेनमधील विहिरी व भूजलाची पातळी'.
पूर्व लिंडेन आता नाही. धरण झालं,
उन्हाळ्यात त्यावरून मोटरबोटी फिरतात.
मागणारीचं नाव व्लास्टा ह्रूबी.
तारखांची पट्टी कोरी होती, सहासष्ट वर्षांची.
धूळसुद्धा नव्हती;
आमच्याकडे हवा गाळून घेतात.

रेनाटा रजेवर, म्हणून व्हॅन मीच नेली
आणि वाचनकक्षात टेबलाशीही मीच बसले.

बाई आल्या. वॉकरच्या पायांना
कापलेले टेनिसचे चेंडू, मागे नातू, कानात काहीतरी.
मुखपृष्ठ पाहिलं नाही. प्रस्तावना ओलांडली,
जिच्या शेवटच्या ओळीत
'टंकलेखनाबद्दल पत्नीचे आभार' आहेत,
नाव नाही.
थेट परिशिष्टं. क. ख. ग.
नखाने कोष्टक उतरत गेल्या,
जिन्याचा कठडा धरून उतरावं तशा.

चौदा. स्वोबोडा. एकतीस फूट. पाणी गोड.
पंधरा. डेन्लिंगर. चाळीस. गंधकाचा वास.
सोळा. बाहेर बर्फ. टॉमीला एकशे तीन ताप. अर्नोल्ड झोपलाय. किती पानं उरलीत कोण जाणे.
सतरा. केसी. एकोणतीस. गोड.

सगळं एकाच यंत्राचं,
तोच 'ई' जरासा ओळीवर उडी मारणारा.
आणि प्रबंधाच्या पहिल्या पानावर
तीन परीक्षकांच्या निळ्या सह्या:
तपासले, योग्य आढळले.

"आहे," बाई म्हणाल्या. मला नव्हे, नखाला.
मग मला: "पाच प्रती निघायच्या, मध्ये कार्बन.
एक अक्षर चुकलं की पाच ठिकाणी खोडायचं.
हे नाही खोडलं."

नवऱ्याला कळलं का कधी, मी विचारलं.
विचारायला नको होतं, आम्हाला तशी ताकीद आहे.
"त्यानं उघडून पाहिलाच नाही पुन्हा.
पाठ होता ना त्याला."
आणि हसल्या, अशा की
पलीकडच्या टेबलावरच्या मुलाने मान वर केली.

नातवाने कानातलं काढलं.
वाकून वाचलं, दोनदा.
"टॉमी कोण?"

"तुझ्या बापाच्या आधीचा," म्हणाल्या,
आणि पान उलटलं,
अठरा, एकोणीस, वीस, सगळ्या विहिरी शेवटपर्यंत
एकेक करून वाचून काढल्या,
जणू आता मध्येच उठणं बरं दिसलं नसतं.

फोटो नको म्हणाल्या. झेरॉक्सही नको.
सही केली, हातमोजे शोधले, एकच सापडला.
दुसरा मला नंतर खुर्चीखाली मिळाला,
तो अजून काउंटरच्या खणात आहे.

परत आलेल्या पुस्तकाला पुन्हा माप लावावं लागतं.
अकरा इंच. तोच ट्रे, तीच उंची,
शेजारी तेच बल्गेरियन व्याकरण.
खाली उतरले, पट्टा सोडला,
रजिस्टरमध्ये तारीख घातली.

तेवढ्यात लक्षात आलं:
सोळा नंबरची विहीर कुणाची होती,
किती खोल, पाणी कसं,
ते आता कुठेच लिहिलेलं नाही.