उरलेला अर्धा तास

कुस्ती संपायची बारा चाळीसला,
एक दहाला राष्ट्रगीत, मग नुसत्या मुंग्या.
मधला अर्धा तास कुणालाच नको होता,
ताटाच्या कडेला सारलेल्या भाजीसारखा.
मारित हाक्कालाने तो मागून घेतला.

गाव डुलुथ. साल चौऱ्याऐंशी.
खनिजाच्या गोदीवरची निम्मी माणसं घरी बसलेली.
मी रात्रपाळीचा टेपवाला.
मॅनेजर म्हणाला, पैसे मिळणार नाहीत.
मारित म्हणाली, मागितलेत कुठे?

पहिल्या मंगळवारी तिच्याकडे चारच व्हिडिओ.
एकात गाणारा पूर्णवेळ पाठमोरा,
स्वेटरची शिवण काखेत उसवलेली.
दुसऱ्यात एक बाई वॉशिंग मशीनमध्ये
एकेक करून पत्रं टाकत होती.
तिसरा आम्ही दोनदा लावला.
चौथ्याला आवाजच नव्हता.
मारित कॅमेऱ्यात बघून म्हणाली,
तुमच्याकडे असेल तर लावा.
त्या रात्री तीन फोन आले. दोन शिव्यांचे.
तिसऱ्यावर कुणी बोलेचना, मागे फ्रिजची घरघर,
मग एक कोवळा आवाज: परत कधी?

मग पाकिटं यायला लागली.
वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या टेपा, कुणाच्या तळघरातल्या,
कुणाच्या मामाच्या लग्नातल्या कॅमेऱ्यावरच्या,
मध्येच मामी केक कापताना दिसायची.
क्लोकेचा लेरॉय ड्यूफॉल्ट स्वतः घेऊन आला,
सोळा वर्षांचा, ओल्या बुटांनी दारातच उभा.
चार मिनिटं गोठलेलं तळं आणि एक ड्रम.
प्रत्येक ठोक्याला वाटायचं, आता तडा जाईल.
गेला नाही.

प्रायोजक एकच, सायलेन्सर दुरुस्त करणारा नॉर्डगार्ड.
त्याला ऐकू कमी यायचं.
पोरं हलतात छान, म्हणायचा, आणि चेक फाडायचा.

एक्क्याण्णवला कसं कोण जाणे
तीच उसवलेली शिवण फॅशन झाली.
मोठ्या चॅनेलांवर भर दुपारी तोच गोंगाट.
आम्हाला शनिवार मिळाला, रात्रीचे दहा,
जांभळे दिवे, आणि मारितला कधी हसायचं
हे सांगणारा एक माणूस.
आठ महिने.
पुन्हा बारा चाळीसला परतलो तेव्हा
तिने खुर्ची नेहमीच्या जागी, गळक्या छताखाली, सरकवली
आणि पाय मांडीखाली घेऊन बसली.

शहाण्णवला उरलेल्या अर्ध्या तासाला भाव आला.
चाकू विकणाऱ्यांनी तो रोख मोजून घेतला.
शेवटच्या भागात मारितने निरोप घेतला नाही,
पुढच्या मंगळवारी काय आहे ते सांगितलं.

आणि टेपा.
त्या मीच पुसल्या.
हे इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.
नव्या टेपा महाग होत्या, शाळांची हॉकी चित्रित करायची होती,
मॅनेजरने खोका पायाने माझ्याकडे लोटला.
बारा वर्षांवरून पोरं स्केट करत गेली.
हात थरथरला वगैरे काही नाही. पाळी संपवून घरी गेलो, जेवलो.

मागच्या हिवाळ्यात एक टकलू गृहस्थ आला,
त्याचा सत्त्याण्णवचा गोल डिस्कवर हवा होता.
लावला. गोल झाला, भोंगा झाला,
पंचांनी पक उचलली,
आणि पडदा एकदा लचकला.
मारित. अकरा सेकंद.
“...आणि हा आला क्लोकेहून, याच्या आईने...”
मुंग्या.

ती आता बेकरीत केकवर नावं लिहिते.
फोन केला तशी आली, बाहीला निळं क्रीम.
चार वेळा पाहिलं.
केसांबद्दल काहीतरी बोलेल असं वाटलं होतं.
तिने विचारलं, याच्या आईने काय?

केबल धरली होती बर्फावर, मी म्हणालो.
नाही, ती म्हणाली, ते सगळ्यांनाच दिसत होतं,
मी दुसरंच काहीतरी सांगत होते.
आणि नखाने क्रीम खरवडत राहिली.

पुन्हा मागे नेली टेप.
मागे तो गृहस्थ कोट न काढता उभा,
बराच वेळ गप्प होता बिचारा,
शेवटी खाकरला:
माझा गोल निघेल ना यातून?