नानांसाठी बॅटरी

माझ्या कपाटाच्या खालच्या खणात चौदा बॅटऱ्या आहेत.
वीज गेली की करुणा मोबाईलच्या उजेडात मेणबत्ती शोधते,
मुद्दाम.

नानांची पंच्याहत्तरी श्रावणात.
मी चैत्रापासून विचार करतोय.

पुंजाराम पगारे, नोटप्रेसमधून निवृत्त, मुक्काम जेलरोड.
पहाटे साडेचारला नळ येतो तेव्हा
जिन्याखाली वाकून व्हॉल्व्ह फिरवतात
दातांत मोबाईल धरून.
म्हणून बॅटरी.

हजार ल्युमेनची घ्यावी, तर समोरच्या बंगल्यातलं कुत्रं उठेल,
मग गल्ली.
तीनदा दाबलं की लुकलुकणारी?
नाना म्हणतील, बिघडली.
शेवटचा उजेड लक्षात ठेवणारी असते एक,
पण लक्षात ठेवायचं काम नाना स्वतःच करतात;
त्र्याऐंशी सालापासूनच्या दुधाच्या वह्या आहेत त्यांच्याकडे.
चार्जिंगची घेतली तर वायर टीव्हीमागे जाणार, परत येणार नाही.
सेलची घेतली तर सेल गळणार.
पांढऱ्या उजेडात माणूस दवाखान्यात असल्यासारखा दिसतो.
मी पिवळ्याचा.
हे सगळं मी करुणाला रात्री सव्वाबाराला सांगत होतो
आणि ती झोपली होती.

शनिवारी भद्रकालीत, हकीमुद्दीनभाईंच्या दुकानात,
काउंटरवर सात उभ्या केल्या,
सातही छतावर मारून पाहिल्या.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"अंगठा वाकतो का त्यांचा?"

उजेड किती मीटर जातो, सांगू शकलो असतो.
पाण्यात पडली तर किती वेळ टिकेल, तेही.
करुणाला फोन लावला.
"कोणाचा अंगठा?" म्हणाली,
आणि मग बराच वेळ काही म्हणाली नाही.

रविवारी चहाला गेलो.
नाना कप दोन्ही तळव्यांत धरतात.
उजवा अंगठा खुंटीसारखा सरळ.
शर्टाचं वरचं बटण नेहमी उघडं असतं,
मला वाटायचं, उकडत असेल.
अकरा वर्षं जावई आहे मी या घरचा.

शेवटी घेतली
पुढेमागे सरकणाऱ्या खटक्याची, पत्र्याची,
दोन सेलची, एकशे नव्वद रुपयांची.
माझ्या खणात हिला जागा मिळाली नसती.

पंच्याहत्तरीला केक झाला, फोटो झाले,
कुणीतरी शाल आणली, कुणीतरी तीच शाल.
सगळे गेल्यावर नानांनी खटका तळव्याने ढकलला
आणि उजेड भिंतीवर टाकला नाही.
आहेराचं रिकामं पाकीट फाडून सपाट केलं,
बॅटरी त्याच्या मागे धरली,
एक डोळा बारीक.
एकतीस वर्षं हेच काम:
कागद उजेडासमोर, मग पुढचा कागद, मग पुढचा.
"मधोमध डाग आहे," म्हणाले,
"भोवती एक कडं. आणि सगळाच जरा डावीकडे कललाय."

मी उडालोच.
ते कडं दिसायला मला चार वर्षं लागली होती
आणि त्यावर बोलायला घरात कोणी मिळालं नव्हतं.
"बदलून आणू?"
"राहू दे. व्हॉल्व्हला काय कळतंय."

निघालो तेव्हा जिन्यातला दिवा गेलेला.
माझ्या खिशात माझी होती, बाराशे ल्युमेनची,
नेहमी असते.
काढली नाही.
वरून तो पिवळा, कललेला उजेड
माझ्या एक पायरी पुढे उतरत होता.
"तिसरी फुटलीय," नाना म्हणाले,
"डावीकडून ये."